फुटपाथवरच्यांचा दावा

आपला मस्तगड १७२५ साली आसफजाहच्या हुकुमाने काबिलखानाने बांधला. पुढे त्यात नगरपालिकेची कचेरी भरू लागली. श्रोतेहो, कचेरी कुठलीही असो, झोपडीवाल्याला पहिला प्रश्न एकच, जागा कुणाच्या नावावर? १९८१ च्या जुलैत, ऐन पावसात, मुंबईने तेवढेही न विचारता फुटपाथवरच्या झोपड्या उचलायला घेतल्या. हाताशी १८८८ चा महापालिका कायदा होता. त्याच्या ३१४ व्या कलमात नोटिशीची गरज नव्हती.

वकील म्हटला की आम्हा कामगारांना आधी फी आठवते. पण सासवडचे वि. म. तारकुंडे, एके काळचे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, आणि इंदिरा जयसिंग सर्वोच्च न्यायालयात या लोकांच्या बाजूने उभे राहिले. मुद्दा साधाच होता. मजूर फुटपाथवर राहतो तो काम जवळ म्हणून. जागा गेली की मजुरी गेली, मग जगायचे कशावर?

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांच्या घटनापीठाने मान्य केले की, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. मात्र फुटपाथवर राहण्याचा हक्क नाकारला आणि कलमही कायम ठेवले. फक्त एरवी नोटीस द्यावी असे सांगितले. दावा अर्धाच जिंकला, असे आम्ही म्हणतो. १९७६ च्या गणतीत नोंदलेल्यांना पर्यायी जागा, आणि बाकीच्या फुटपाथवाल्यांना ३१ ऑक्टोबरपर्यंतची मुदत.