स्वीडनच्या मंडळींतील स्त्रियांच्या पाळकदीक्षेचा वाद

इ. स. १९५७ सालीं स्वीडनच्या ल्यूथरपंथी राष्ट्रीय मंडळीच्या धर्मसभेपुढें, स्त्रियांस पाळकाची दीक्षा द्यावी किंवा नाहीं, हा प्रश्न मतास टाकण्यांत आला. विरुद्ध ६२ व अनुकूल ३६ मतें पडून तो फेटाळला गेला. पुढच्याच वर्षीं, २७ सप्टेंबर १९५८ रोजीं, त्याच प्रश्नासाठीं बोलाविलेल्या जादा धर्मसभेंत अनुकूल ६९ व विरुद्ध २९ मतें पडलीं. जी गोष्ट साडेतीन शतकें जागची हलली नव्हती, ती एका वर्षांत अशी उलटी कशी झाली, याचा शोध घेणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या घटनेचीं दोन स्पष्टीकरणें सामान्यतः दिलीं जातात. एका पक्षाच्या मतें सरकारनें दडपण आणून धर्मसभेस वांकविलें. दुसऱ्या पक्षाच्या मतें काळाच्या ओघांत सत्य लोकांस पटलें. दोन्ही स्पष्टीकरणें सोयीचीं आहेत, आणि दोन्ही अपुरीं आहेत. पौलाच्या पत्रांचा अर्थ एका वर्षांत बदलत नसतो. आणि केवळ सरकारच्या धाकानें तीसबत्तीस मतें फिरतात, असें म्हणणें म्हणजे त्या सभेंतील माणसांस आपण न वाचतांच भित्रें ठरविणें होय.

प्रथम त्या मंडळीची घडण ध्यानांत घेतली पाहिजे. (आमच्या वाचकांस ती अगदींच परकी नाहीं, जुन्या मध्यप्रांतांत, नागपुराच्या उत्तरेस छिंदवाड्याकडे, स्वीडिश ल्यूथरपंथी मिशनऱ्यांचें काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणापासून चालू होतें.) इ. स. १५९३ च्या उप्साला येथील सभेनें आउग्सबुर्गचें विश्वासपत्र स्वीकारून स्वीडन कायमचें ल्यूथरपंथी केलें. तथापि जर्मनींत बिशपांची जी परंपरा तुटली, ती स्वीडनमध्यें तुटली नाहीं. जुन्या बिशपानें नव्या बिशपाच्या मस्तकावर हात ठेवावयाचे, ही सांखळी तेथें अखंड राहिली, व तिचा त्या मंडळीस मोठा अभिमान असे. इंग्लंडच्या मंडळीशीं तिचें जें सख्य विसाव्या शतकांत जमलें, त्याचेंही एक कारण हेंच. म्हणजे पाळकाचें पद हें तेथें केवळ प्रवचनकाराचें पद नव्हतें.

दुसरी गोष्ट अशी कीं, हा पाळक एकीकडे असा परंपरेचा वारस, तर दुसरीकडे सरकारी नोकर होता. गांवांतील जन्म, मृत्यु, विवाह व स्थलांतर यांचें नोंदणीपुस्तक त्याच्याच कचेरींत राही. हें काम इ. स. १९९१ पर्यंत मंडळीकडेच होतें. कोणास दाखला पाहिजे असल्यास त्यानें पाळकाकडे जावयाचें, मग तो देवळांत जावो वा न जावो. एकाच माणसाच्या अंगावर असे दोन झगे असल्यामुळें, स्त्रीस पाळक होतां येईल काय, हा प्रश्नही दुहेरी झाला. सरकारी पद म्हणून पाहिलें तर तो नागरिकांच्या समान हक्काचा प्रश्न होता. वेदीपुढील पद म्हणून पाहिलें तर तो शास्त्राचा प्रश्न होता. पुढील सर्व वाद या दोन पाहण्यांच्या घर्षणांतून निघाला, असें आमचें मत आहे.

तिसरी गोष्ट धर्मसभेच्या अधिकाराची. स्वीडनच्या जुन्या पार्लमेंटांत सरदार, पाळक, नागरिक व शेतकरी असे चार वर्ग बसत. इ. स. १८६६ सालीं ही चतुर्वर्ग पद्धति मोडून दोन सभागृहांचें पार्लमेंट आलें, तेव्हां पाळकवर्गाची स्वतंत्र जागा गेली. तिच्या मोबदल्यांत धर्मसभा निर्माण झाली व ती इ. स. १८६८ सालीं प्रथम भरली. मंडळीसंबंधीं कोणताही कायदा राजा, पार्लमेंट व धर्मसभा या तिघांच्या संमतीवांचून होऊं नये, असें ठरलें. पार्लमेंटास रुचलेली गोष्ट धर्मसभेस नाकारतां येत असे ती या जुन्या तडजोडीमुळें.

आतां शास्त्राकडे वळूं. ल्यूथरनें इ. स. १५२० च्या आपल्या लेखनांत बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक जण याजकच आहे, असें प्रतिपादिलें. यावरून कोणास वाटेल कीं, त्याच क्षणीं स्त्रियांस वाट मोकळी झाली. तसें झालें नाहीं. याजकपण सर्वांचें, परंतु मंडळीचें जाहीर काम रीतसर बोलाविलेल्या माणसाचें, असा भेद त्यानें व विश्वासपत्रानें राखला, आणि इ. स. १५३९ मधील आपल्या ग्रंथांत त्यानें स्त्रियांस त्या जाहीर कामांतून स्पष्टपणें वगळलें. निकडीच्या प्रसंगीं सुइणीनें अर्भकास बाप्तिस्मा द्यावा, हें मात्र ल्यूथरपंथास मान्य होतें. मरणाच्या दारांत स्त्रीच्या हातचा संस्कार खरा. मग रविवारीं सकाळीं तो खोटा कां, असा प्रश्न पुढें विसाव्या शतकांत विचारला जावा, यांत नवल नाहीं.

स्वीडिश स्त्रियांस मताधिकार मिळाल्यावर इ. स. १९२३ सालीं सरकारी पदें त्यांस खुलीं करणारा कायदा झाला व इ. स. १९२५ पासून तो अमलांत आला. पाळकाचें पद त्यांतून वगळण्यांत आलें. ह्या अपवादानेंच प्रश्न जिवंत ठेविला. स्त्रिया विद्यापीठांत ईश्वरविद्येची पदवी घेत, परंतु त्या पदवीस पुढें दार नसे. शेवटीं इ. स. १९४६ सालीं सरकारनें चौकशी-समिति नेमली, व तिनें इ. स. १९५० सालच्या अहवालांत स्त्रियांच्या दीक्षेस अनुकूल शिफारस केली.

त्यावर लागलीच उत्तर आलें. इ. स. १९५१ सालीं उप्साला व लुंड या दोन्ही विद्यापीठांतील नव्या कराराच्या जवळजवळ सर्व अध्यापकांनीं एक निवेदन काढून, स्त्रियांस पाळकपद देणें नव्या कराराच्या शिकवणीशीं विसंगत आहे, असें सांगितलें. निवेदन थोडक्या शब्दांचें होतें, पण त्याचें वजन फार पडलें. हे गृहस्थ कांहीं खेड्यांतील जुन्या वळणाचे उपदेशक नव्हते. ग्रीक संहितेचा चिकित्सक अभ्यास करणारे ते विद्वान होते. पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत स्त्रियांनीं सभेंत मौन धरावें असें सांगितलें तें केवळ त्या गांवच्या गोंधळामुळें नव्हे, तर उत्पत्तिक्रमाच्या विचारानें सांगितलें, असें त्यांचें वाचन होतें.

येथें या वादांतील सर्वांत मार्मिक भाग येतो. त्यांचा सर्वांत समर्थ प्रतिपक्षी क्रिस्टर स्टेंडाल हा त्यांचें वाचन चूक आहे, असें म्हणाला नाहीं. अमेरिकेंत हार्वर्ड येथें शिकविणाऱ्या या स्वीडिश पंडितानें इ. स. १९५८ सालीं बायबलची दृष्टि व स्त्री या विषयावर जो निबंध लिहिला, त्यांत पहिल्या शतकांत पौलाच्या शब्दांचा अर्थ काय होता, हा एक प्रश्न व आज त्या शब्दांचें आम्हीं काय करावें, हा दुसरा प्रश्न, अशी त्यानें फोड केली. पहिल्या प्रश्नाचें उत्तर विरोधक देतात तेंच बहुतांशीं बरोबर, असें तो मान्य करतो. परंतु गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत ख्रिस्ताच्या ठायीं यहुदी व ग्रीक, दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हे भेद उरत नाहींत, असें तोच पौल म्हणतो. दासांच्या बाबतींत मंडळीनें पहिल्या शतकाची चौकट सोडून या वचनाची वाट धरली; मग स्त्रियांच्या बाबतींतच पहिल्या शतकाचा नमुना जसाच्या तसा कां गिरवावा, असा त्याचा सवाल होता. विरोधकांस या सवालाचें पुरतें उत्तर देतां आलें, असें आम्हांस वाटत नाहीं. उलट, कोणतें वचन वाटाड्या व कोणतें वचन केवळ त्या काळचें, हें ठरविण्याची कसोटी कोणती, या विरोधकांच्या प्रश्नाचेंही उत्तर स्टेंडालनें पुरतें दिलेलें नाहीं.

इ. स. १९५७ च्या सभेनें नकार दिला, त्या वेळीं नकार देणाऱ्यांत दोन प्रकारचे लोक होते. कांहींस ही गोष्ट कधींच नको होती. कांहींस ती घाईची वाटत होती. मतमोजणींत हे दोघे एका रकान्यांत पडले, हें ध्यानांत न घेतल्यामुळेंच पुढच्या वर्षाची उलथापालथ गूढ वाटते. नकारानंतर वृत्तपत्रांत टीकेचें मोहोळ उठलें. सरकारनें प्रश्न थंड होऊं दिला नाहीं. वर्षाच्या आंतच जादा सभा बोलाविली. आतां तटस्थ सभासदांपुढें प्रश्न केवळ स्त्रियांचा राहिला नाहीं. लोकांनीं निवडलेल्या पार्लमेंटाची इच्छा धर्मसभेनें लागोपाठ दुसऱ्यांदां मोडली तर धर्मसभेचा नकाराधिकार तरी राहील काय, व राज्य आणि मंडळी यांचें जुनें बंधन टिकेल काय, हाही प्रश्न होता. शेजारच्या डेन्मार्कमध्यें अशी धर्मसभाच नव्हती, तेथें इ. स. १९४७ सालीं पार्लमेंटानें कायदा केला आणि २८ एप्रिल १९४८ रोजीं ओडेन्से येथें तीन स्त्रियांस दीक्षाही मिळाली. तेथें मंडळी मोडली नाहीं, हें स्वीडिश सभासद डोळ्यांनीं पाहत होते.

परंतु पारडें फिरविणारी खरी वस्तु निराळीच होती, व तिजकडे आमच्या मतें पुरेसें लक्ष दिलें जात नाहीं. धर्मसभेच्या खास समितीनें आपल्या अहवालांत असें आश्वासन नमूद केलें कीं, ज्या बिशपाची सदसद्विवेकबुद्धि स्त्रीस दीक्षा देण्यास धजत नाहीं त्यास तसें करण्यास भाग पाडूं नये, व पाळकांसही आपल्या श्रद्धेविरुद्ध सहकार्याची सक्ति करूं नये. हेंच पुढें 'विवेकाचें कलम' म्हणून प्रसिद्ध झालें. कलम म्हणावयाचें, परंतु मूळ कायदा उघडून पाहिल्यास त्यांत हें कलम नाहीं. कायदा अगदीं त्रोटक आहे. स्त्रीस पाळकपदाची पात्रता आहे, एवढाच त्याचा आशय. आश्वासन आहे तें समितीच्या निवेदनांत. घाईची भीति वाटणाऱ्यांस त्यानें धीर दिला व ते अनुकूल बाजूस आले. परंतु कायद्याच्या अक्षरांबाहेर राहिलेलें आश्वासन कोणास किती बांधील, हा प्रश्न त्यांनीं त्या दिवशीं उघडाच ठेविला. पुढील पाव शतक मंडळींत जें भांडण चाललें, तें बरेचसें या एका उणीवेवर चाललें.

लुंडचा बिशप अँडर्स नीग्रेन हा जागतिक ल्यूथरपंथी संघाचा पहिला अध्यक्ष. त्यानें या निर्णयाविरुद्ध आपला निषेध नोंदविला. मंडळी आजवर तिला अपरिचित असलेल्या, ज्ञेयवादी व भावोन्मादी पंथांच्या वाटेस लागली आहे, असा त्याचा आक्षेप होता. गोटेबोर्गचा बिशप बू यर्ट्स यानें त्याच वर्षीं विरोधकांची बायबल व विश्वासपत्र यांच्या नांवानें संघटना उभारली. इ. स. १९६० सालीं तिनें सतरा सूचना प्रसिद्ध केल्या: स्त्री पाळक असेल त्या उपासनेस जाऊं नये, तिच्याबरोबर वेदीपुढें उभें राहूं नये, इत्यादि. यर्ट्स हा कथाकार म्हणूनही लोकप्रिय होता, व त्याच्या साधेपणाविषयीं प्रतिपक्षासही आदर होता; त्यामुळें त्याच्या विरोधास केवळ हेकटपणा म्हणून उडवून लावणें कोणास शक्य झालें नाहीं.

झावळ्यांच्या रविवारीं, १० एप्रिल १९६० रोजीं, तीन स्त्रियांस दीक्षा मिळाली. एलिसाबेथ यूर्ले हिची दीक्षा स्टॉकहोमच्या थोरल्या देवळांत, इंग्रिड पेर्सन हिची उत्तरेस हेर्नोसांड येथें, आणि मार्गिट सालीन हिची स्टॉकहोमजवळ ओस्टेरशेर येथें, स्वतः आर्चबिशप गुन्नार हुल्टग्रेन याच्या हातून झाली. सालीनबाईंची कथा सांगण्याजोगी आहे. मध्ययुगीन फ्रेंच नृत्यगीतांवर प्रबंध लिहून डॉक्टर झालेल्या या विदुषीस प्रथम पुरुषांच्या पदाचीच नक्कल नको होती. स्त्रियांच्या स्वभावास अनुरूप असें वेगळें सेवापद मंडळीनें निर्माण करावें, असा तिचा आग्रह होता. म्हणजे वादाच्या ज्या दोन टोकांची नांवें आपण घेतों, त्यांपैकीं एकाही टोकावर ती आरंभीं नव्हती. वेगळें पद कोणीच देईना, तेव्हां ती आहे त्या पदाकडे आली. पुढें इ. स. १९७० ते १९७९ पर्यंत ती स्टॉकहोमच्या एंगेलब्रेक्ट मंडळीची मुख्य पाळक होती. शेजारी नॉर्वेमध्यें इ. स. १९६१ सालीं इंग्रिड ब्येर्कोस हिला हामारचा बिशप स्येल्डेरुप यानें दीक्षा दिली. तेथील नऊ बिशपांपैकीं सहांनीं त्यास जाहीर विरोध केला होता.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येते. विवेकाचें आश्वासन इ. स. १९८२ सालीं काढून घेण्यांत आलें. धर्मसभेचा जुना नकाराधिकारही त्याच सुमारास संपला. एकाच सौद्यांतल्या या दोन वस्तु जोडीनेंच गेल्या. इ. स. १९९० नंतरच्या दशकांत, स्त्रीपाळकांबरोबर काम करण्यास तयार नसलेल्या उमेदवारास दीक्षा न देण्याचें मंडळीनें ठरविलें. इ. स. १९९७ सालीं लुंड येथें, म्हणजे नीग्रेनच्याच पीठावर, क्रिस्टिना ऊडेनबेर्ग ही पहिली स्त्री-बिशप झाली. इ. स. २००० सालीं राज्य व मंडळी विभक्त झालीं, इ. स. २०१४ सालीं अँत्ये याकेलेन ही आर्चबिशप झाली. इ. स. २०२० च्या जुलैंत मंडळीच्या पाळकांत १५३३ स्त्रिया व १५२७ पुरुष होते.

विरोधक नाहींसे झाले नाहींत. दीक्षेची वाट बंद झाल्यावर त्यांनीं इ. स. २००३ सालीं 'मिशन-प्रांत' या नांवाची स्वतंत्र संघटना काढली. परंतु बिशपावांचून पाळक नाहीं, व स्वीडनमधील कोणी बिशप हात ठेवण्यास येईना. तेव्हां ५ फेब्रुवारी २००५ रोजीं गोटेबोर्ग येथें आर्ने ओल्सन याच्या मस्तकावर हात ठेवण्यास केनियाच्या ल्यूथरपंथी मंडळीचा बिशप वॉल्टर ओबारे आला. ही केनियाची मंडळी इ. स. १९४८ सालीं स्वीडिश मिशनऱ्यांनींच सुरू केलेली होती.