इंदूरचे तलाव : संरक्षण व व्यवस्थापन

मध्य प्रदेशातील इंदूर शहराच्या दक्षिणेस व पश्चिमेस पसरलेला, मुख्यतः होळकर संस्थानाच्या अमदानीत बांधला गेलेला गोड्या पाण्याच्या जलाशयांचा समूह. यशवंतसागर, मोठा व लहान सिरपूर, मोठा व लहान बिलावली, लिंबोदी आणि पिपल्यापाला हे त्यांतील प्रमुख तलाव होत. पिण्याचे पाणी, मासेमारी, भूजलाचे भरण, पुराचे नियमन आणि पक्षिजीवनाचा आश्रय ही कार्ये हे तलाव एकाच वेळी पार पाडीत असल्यामुळे त्यांचे संरक्षण हा कोणा एका खात्याचा, गावाचा वा मोहल्ल्याचा प्रश्न राहत नाही. ज्या वस्तीच्या हद्दीत एकही तलाव नाही, अशा परदेशीपुऱ्यासारख्या गिरणी-कामगारांच्या वस्तीचाही त्यांच्याशी घनिष्ठ संबंध येतो, आणि सामायिक जलाशयांच्या व्यवस्थापनाचे मर्म त्या संबंधातूनच अधिक स्पष्ट होते.

भूरचना : इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर वसले आहे. शहराच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर विंध्याची धार आहे. तिच्या पलीकडे पडणारा पाऊस चोरल आदी प्रवाहांनी नर्मदेस मिळून अरबी समुद्राची वाट धरतो, तर अलीकडे पडणारा पाऊस कान्ह, गंभीर व क्षिप्रा यांच्या द्वारे चंबळेस, तेथून यमुनेस आणि अखेर गंगेस जातो. जमीन काळी व खाली बेसाल्टचा थर. पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडणारा. बेसाल्टच्या भेगांत मुरलेले पाणी मर्यादित असल्याने, पावलोपावली पाणी सापडणारा प्रदेश म्हणून माळव्याची ख्याती असली तरी, उन्हाळ्यात मोठ्या वस्तीची तहान भागवावयाची तर ओढ्यास पाळ घालून पावसाळ्याचे पाणी अडविण्यावाचून गत्यंतर नव्हते. इंदूरचे तलाव म्हणजे या भौगोलिक अटीस मनुष्याने दिलेले उत्तर होय.

इतिहास : 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूर येथे स्थिरावली आणि कान्ह व सरस्वती यांच्या संगमावरील कसब्याचे नगर होऊ लागले. दरबार, फौज, सराफा आणि पुढे कापडगिरण्या यांनी लोकसंख्या वाढली, तसा विहिरी, कुंडे व बावड्या यांवरील भार असह्य झाला. बिलावली, सिरपूर, पिपल्यापाला हे तलाव या वाढत्या गरजेतून नगराच्या उपयोगी आले. आणि 1930 नंतरच्या दशकात, यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या कारकिर्दीत, गंभीर नदीवर हातोदच्या बाजूस यशवंतसागर हे धरण उभे राहिले. त्याचा सांडवा सायफन पद्धतीचा आहे. पाणी ठरावीक पातळीवर चढताच ते सायफनवाटे आपोआप बाहेर पडते. पावसाळ्यात ‘सायफन चालू झाला’ ही वार्ता इंदूरकर आजही आनंदाने एकमेकांस सांगतात. तलावांची पातळी फुटांत मोजण्याचा जुना रिवाजही टिकून आहे : यशवंतसागर 19 फुटांस आणि मोठा बिलावली 34 फुटांस भरला असे मानतात.

तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या काळात दरबाराने स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यास पाचारण केले. त्याचा दोन खंडांचा अहवाल 1918 साली प्रसिद्ध झाला. नदीकाठ स्वच्छ करावेत, जुनी वस्ती सरसकट पाडण्याऐवजी तिच्यातील दोष तेवढे दूर करावेत आणि गिरण्यांच्या बाजूस कामगारांसाठी नियोजित वस्ती व्हावी, असा त्या अहवालाचा रोख होता. डासांच्या भयाने तळी बुजवून टाकण्यापेक्षा त्यांत मासे व बदके राखून ती जिवंत ठेवणे श्रेयस्कर, हे मत गेडीसने आपल्या भारतीय अहवालांतून आग्रहाने मांडले. आज ज्यास परिसंस्था म्हणतात तिचे भान त्या मतात शंभर वर्षांपूर्वीच प्रकट झाले होते.

नर्मदेचे आगमन व त्याचा परिणाम : इंदूरला नर्मदेचे पाणी मिळावे म्हणून नागरिकांनी 1970 साली मोठे आंदोलन केले, आणि 1978 साली नर्मदाकाठच्या जलूद येथून सुमारे 70 किलोमीटरांचे अंतर व विंध्याची चढण ओलांडून ते पाणी पंपांच्या बळाने शहरात आले. या योजनेने शहरास जीवदान दिले, याविषयी दुमत नाही. तथापि, ज्या पाण्यासाठी रोज पाळीकडे पाहावे लागत होते ते नळातून येऊ लागताच जवळच्या तलावांवरची समाजाची नजर ढळली. आणि जो जलाशय कोणाच्या नित्य गरजेचा उरत नाही त्याच्या काठची जमीन मात्र पुष्कळांच्या नजरेत भरू लागते. पुढील काळात तलावांकडे येणाऱ्या नाल्यांत सांडपाणी शिरले, आवक-ओढ्यांच्या मार्गांत बांधकामे झाली, गाळ साचला, आणि जलपर्णी व बेशरम या वनस्पतींची दाट वाढ झाली.

ऱ्हासाची प्रक्रिया : तलाव बाहेरून बुजतो त्याच्या कितीतरी आधी तो आतून क्षीण होऊ लागतो. सांडपाणी, साबण व शेतातील खते यांमधून आलेला स्फुरद आणि नत्र पाण्यात साठला म्हणजे शेवाळ व तरंगत्या वनस्पती बेसुमार वाढतात. त्या मरून कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो, मासे गुदमरतात आणि कुजलेल्या द्रव्याचा थर गाळात भर घालतो. गाळाने खोली कमी झाली की पाणी पसरट व उथळ होते, उन्हाने लवकर तापते व अधिक वेगाने आटते. उघड्या पडलेल्या काठावर प्रथम भराव, मग कुंपण आणि शेवटी घर, असा अतिक्रमणाचा क्रम असतो. म्हणून जलपर्णी काढणे हा उपचार आवश्यक असला तरी अपुरा ठरतो. तिला पोसणारे सांडपाणी अडविल्यावाचून ती पुनःपुन्हा येणारच.

सिरपूर व यशवंतसागर : सुमारे 161 हेक्टरांचा सिरपूर तलाव धार रस्त्यालगत असून ‘पक्षिविहार’ म्हणून ओळखला जातो. मनुष्यनिर्मित असूनही कालांतराने त्यास जवळजवळ नैसर्गिक पाणथळाचे रूप आले. हिवाळ्यात लालसरीसारखी स्थलांतरित बदके तेथे उतरतात आणि पांढरे गिधाड व नदी सुरय यांचीही तेथे नोंद आहे. चित्रकार व छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांच्या ‘द नेचर व्हॉलंटियर्स’ या संस्थेने हा तलाव वाचविण्यासाठी दीर्घकाळ परिश्रम घेतले. मोंढे यांस 2016 साली पद्मश्री देण्यात आली. यशवंतसागराचा विस्तार सुमारे 823 हेक्टरांचा आहे. त्याच्या उथळ, लव्हाळ्यांनी भरलेल्या काठांवर सारस पक्ष्यास मध्य भारतातील एक महत्त्वाचा आश्रय लाभला आहे. पाणथळांविषयीच्या रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळे म्हणून या दोन्ही जलाशयांची घोषणा ऑगस्ट 2022 मध्ये झाली. जानेवारी 2025 मध्ये इंदूर व उदयपूर ही रामसर करारातील ‘पाणथळ शहर’ ही मान्यता मिळविणारी भारतातील पहिली शहरे ठरली.

कायदा : रामसर करार 1971 चा, भारत त्यात 1982 साली सहभागी झाला. पाणथळ (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, 2017 अन्वये अधिसूचित पाणथळाचा अन्य कामी उपयोग, अतिक्रमण, घनकचरा टाकणे, प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे आणि गेल्या दहा वर्षांच्या सरासरी पूरपातळीपासून 50 मीटरांच्या आत कायमचे बांधकाम करणे यांस मनाई आहे. तथापि, खास पिण्याच्या पाण्यासाठी वा सिंचनासाठी बांधलेले जलाशय याच नियमांतील व्याख्येतून वगळले आहेत. रामसर यादीतील स्थळे मात्र नियमांच्या कक्षेत येतात. त्यामुळे इंदूरसारख्या ठिकाणी, जेथे बहुतेक तलाव मुळात पाण्यासाठीच बांधले गेले, तेथे यादीत न आलेल्या तलावांचे रक्षण प्रामुख्याने महसूल दफ्तरातील नोंदी, नगरविकास आराखडा आणि महापालिकेची दक्षता यांवर अवलंबून राहते. तलावाचे क्षेत्र, त्याचे आवक-ओढे व सांडवा हे खसऱ्यात (जमिनीच्या नोंदवहीत) व नकाशावर स्पष्ट दाखविलेले असणे हेच अशा तलावांचे पहिले कवच होय.

व्यवस्थापनाची तत्त्वे : (1) तलावाची हद्द पाण्याच्या काठाशी संपत नसून पाणलोट क्षेत्राच्या माथ्यापर्यंत जाते, तेथील प्रत्येक नाला व शेत हा तलावाचाच भाग समजावा. (2) सांडपाणी तलावात पोहोचण्यापूर्वीच वळवावे. कान्ह व सरस्वतीच्या नाल्यांत घरोघरची गटारे सोडण्याची वहिवाट मोडून ती मलवाहिन्यांस जोडल्यामुळेच इंदूर 2021 साली सांडपाणी-व्यवस्थापनाचा ‘वॉटर प्लस’ दर्जा मिळविणारे देशातील पहिले शहर घोषित झाले. तलावांनाही तोच न्याय लागू आहे. (3) गाळ काढताना काठची उथळ पाणथळे व पक्ष्यांची घरटी अबाधित ठेवावीत; तलाव म्हणजे केवळ खोल हौद नव्हे. (4) मूर्तिविसर्जन व निर्माल्य यांसाठी स्वतंत्र कुंडांची व्यवस्था असावी. (5) पाण्याच्या वाटपात खालच्या गावाचा हक्क विसरू नये. यशवंतसागराचा सांडवा वाहिला म्हणजे गंभीरचे पाणी उज्जैनच्या गंभीर धरणाकडे जाते, आणि कान्हेत जे सोडले जाते ते उज्जैनजवळ क्षिप्रेत, म्हणजे सिंहस्थाच्या तीर्थात, जाऊन मिळते.

या शेवटच्या तत्त्वास उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांचा दाखला उपयुक्त आहे. अमेरिका व कॅनडा यांनी 1909 च्या सीमाजल तहाने दोन्ही राष्ट्रांचा संयुक्त आयोग नेमला आणि 1972 च्या करारान्वये ईरी सरोवरास ग्रासणाऱ्या स्फुरदास आळा घालण्याची जबाबदारी वाटून घेतली. तेथे दोन सार्वभौम सत्तांना जे साधले, ते एकाच राज्यातील महापालिका, महसूल, मत्स्य, वन व जलसंपदा या खात्यांना एका आराखड्याखाली साधू नये, असे काही नाही.

परदेशीपुऱ्याचा संबंध : मराठी बोलीत उत्तरेकडील लोकांस ‘परदेशी’ म्हणण्याचा जुना प्रघात आहे, परदेशीपुरा या नावात तोच डोकावत असावा, आणि त्याच परिसरातील ‘कुलकर्णी का भट्टा’ या वस्तीच्या नावात मराठी आडनावाशी हिंदी प्रत्यय नांदतो. माळवा, हुकुमचंद आदी गिरण्यांच्या भोंग्यांवर येथील दिवस उगवत व मावळत असे; हुकुमचंद गिरणी 1991 साली बंद पडली, तरी अनंत चतुर्दशीस निघणाऱ्या गिरण्यांच्या झाँकी (चित्ररथ) अद्याप शहराच्या स्मृतीत आहेत. या वस्तीस स्वतःचा तलाव नाही. परंतु येथील गणपतीचे विसर्जन कोठेतरी होते, येथील मोरीचे पाणी कान्हेच्या खोऱ्यात उतरते, आणि येथल्या नळास येणारे नर्मदेचे पाणी विंध्य ओलांडून आलेले असल्यामुळे वापरून झाल्यावर ते नर्मदेस न परतता क्षिप्रेच्या वाटेने गंगेकडे जाते. म्हणजे काठावर न राहणारा हा मोहल्लाही दोन खोऱ्यांचा ऋणी आहे. तलावाचे संरक्षण काठावरच्या माणसाकडे सोपवून भागत नाही, याचे याहून स्पष्ट प्रमाण दुसरे नाही. पाळ बांधण्याचे काम दरबाराने केले. त्या पाळीमागचे पाणी निर्मळ राखण्याचे काम, दूरच्या वस्तीतील मोरीपाशी उभ्या असलेल्या प्रत्येक नागरिकाकडे आले आहे.