पंडिता रमाबाई : मूळ ग्रंथापर्यंत गेलेली बाई

रायपूरच्या समता कॉलोनीतून पुन्हा भेटतो आहे. फौजेत एक सवय लागली: हुकूम ऐकीव नको, स्वतः वाचावा. पंडिता रमाबाईंनी धर्मग्रंथांबाबत तेच केले.

१८७८ मध्ये कोलकात्यात त्यांच्या संस्कृत विद्वत्तेचा गौरव झाला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. फुलहॅमला ख्रिस्ती भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांना सांभाळताना दिसल्या. कारण विचारताच त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. विहिरीवरच्या त्या परक्या स्त्रीशी येशू धर्मचर्चा करतो, हे त्यांच्या मनावर ठसले. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढे चेल्टनहॅमला त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे का, असा प्रश्न निघाला, तेव्हा बिशपांनीच विरोध केला. रमाबाईंनी पत्रांतून रोखठोक उत्तर दिले.

नंतर हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केडगावला संपूर्ण बायबल मराठीत आणले. भाषा मुद्दाम सोपी ठेवली, कमी शिकलेल्या बायकांनाही कळावी म्हणून. छपाईचे खिळे मुक्ति मिशनमधल्या स्त्रियांनी जुळवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

आपण त्यांच्या धर्मांतरावरून भांडत राहिलो. त्यांचा अभ्यास वाचायचा मात्र राहूनच गेला.