किल्लीच्या पोटातली बॅटरी

डॅशबोर्डवर 'की बॅटरी लो' दिसलं की आपण एकतर दुर्लक्ष करतो, नाहीतर सर्व्हिस सेंटरला फोन लावतो. काम खरं तर पाच मिनिटांचं. मला उत्सुकता वेगळीच होती : किल्लीला बॅटरी लागते हा प्रकार मुळात सुरू कधी झाला?

तर मंडळी, सुरुवात फ्रान्समध्ये. १९८२ मध्ये रेनॉच्या फुएगो गाडीत रिमोटने दार उघडायची सोय आली. कल्पना पॉल लिपशुट्झ यांची. त्यांच्या नावावरूनच फ्रेंच लोक अशा रिमोटला 'प्लिप' म्हणतात. तो टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेडवर चालायचा, म्हणजे नेम धरून बटण दाबायचं. मग रेडिओ लहरी आल्या. नेम धरायची कटकट गेली, पण चोरांचं फावलं : सिग्नल रेकॉर्ड करा, पुन्हा सोडा, दार उघडं! त्यावर उतारा म्हणजे दर वेळी बदलणारा कोड. यातली गाजलेली 'कीलॉक' पद्धत १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत जन्मली.

तोवर बॅटरीचं बरं चाललं होतं. बटण दाबलं तर खर्च, एरवी झोप. १९९० च्या दशकाच्या शेवटी मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये 'कीलेस-गो' आलं, किल्ली खिशातच राहिली आणि तिची झोप उडाली. गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झवर हाक मारते, किल्ली मेगाहर्ट्झमध्ये ओ देते. हाक कधी येईल याचा नेम नाही, म्हणून कान सतत उघडे.

आता हिशेब. बऱ्याच किल्ल्यांत सीआर२०३२ सेल असतो : २० मिमी व्यास, ३.२ मिमी जाडी, ३ व्होल्ट, क्षमता सुमारे २२० मिलिअँप-तास. समजा नुसतं ऐकायला ५ मायक्रोअँपिअर लागतात. म्हणजे ४४,००० तास, झाली की पाच वर्षं! पण किल्ली गाडीशेजारीच टांगली तर ती वारंवार उत्तरं देत बसते, आणि हिशेब कोसळतो. शिवाय लिथियम सेलचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत टिकतं आणि मग झपकन घसरतं. म्हणून वॉर्निंग आली की टाळू नका.

आतली धातूची किल्ली काढा, खाचेत कापड गुंडाळलेला स्क्रू-ड्रायव्हर घालून हलकेच उघडा, अधिक चिन्हाची बाजू बघून ठेवा, मॅन्युअलमधल्याच नंबरचा सेल घाला. सेल वाटेतच संपला? धातूच्या किल्लीने दार उघडा आणि किल्ली स्टार्ट बटणाला टेकवा (काही गाड्यांत जागा वेगळी असते). आतल्या चिपला गाडीच्याच चुंबकीय क्षेत्रातून वीज मिळते.

आता खरं महत्त्वाचं. काढलेला सेल किल्लीसाठी मेलेला असतो, लहान मुलासाठी नाही. उरलेल्या व्होल्टेजवरही तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर इजा करतो. अमेरिकेत रिमोटमधला असा सेल गिळून एक चिमुकली गेली. तिच्या नावाचा कायदा २०२२ मध्ये झाला. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

तेव्हा जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा, उंचावर ठेवा, ई-कचऱ्यात द्या. टेबलावर 'नंतर बघू' म्हणून ठेवू नका. नव्याचं पाकीटसुद्धा.