लग्नाशिवाय लग्नाचा चित्रपट

१२. ‘लग्नच न दाखवणारा लग्नाचा चित्रपट’ : लेखकाचा रोख जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांच्या ‘लेट स्प्रिंग’कडे (१९४९) आहे. विधुर प्राध्यापक वडील आणि त्यांना सोडून जायला तयार नसलेली मुलगी नोरिको यांची ही गोष्ट. मुलीने लग्नाला राजी व्हावे म्हणून वडील आपण पुन्हा लग्न करणार असल्याचे खोटेच सांगतात. नवरा मुलगा मात्र आपल्याला एकदाही दिसत नाही. तो गॅरी कूपरसारखा दिसतो, एवढे कानावर येते. नोरिको वधूवेषात वडिलांपुढे बसून त्यांचे आभार मानते, सगळे खाली जातात, रिकाम्या खोलीतला आरसा दिसतो. पुढच्या प्रसंगात लग्न आटोपलेले असते आणि वडील मुलीच्या मैत्रिणीबरोबर दारू पीत बसलेले असतात. पुन्हा लग्न करण्याची गोष्ट खोटी होती हे त्यांच्या तोंडून इथेच निघते. विधी दाखवला असता तर प्रेक्षकाचे लक्ष समारंभात गुंतले असते. तो गाळल्यामुळे ते वडिलांच्या एकटेपणावर येऊन थांबते, असे आम्हांला वाटते. याला काटकसर म्हणणारे समीक्षक, आमच्या मते, निम्मेच पाहतात. ‘टोकियो स्टोरी’तही (१९५३) आईचे आगगाडीत आजारी पडणे पडद्यावर नाही. ओसाकातला मुलगा कामावरच्या सहकाऱ्याला ते सांगतो, तेव्हा आपल्याला कळते. दोन्ही पटकथा ओझू यांनी कोगो नोदा यांच्यासह लिहिल्या. — संपा.