वीरेश्वराच्या अफवेपासून राईनपाड्यापर्यंत

महाडच्या सत्याग्रहाचा विषय निघाला की आपण चवदार तळ्याच्या पाण्याविषयी बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच दिवशी त्याच गावात आणखी एक गोष्ट घडली. तिचा विचार मला येथे करायचा आहे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागून हजारो लोकांनी तळ्याचे पाणी घेतले. परिषद संपली. माणसे मंडपात जेवत होती, कोणी परतीची तयारी करत होते. इतक्यात गावात हूल उठली की, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. असा बेत कोणाच्याही मनात नव्हता. पण लाठ्या बाहेर पडल्या, जमाव मंडपात घुसला, जेवणाऱ्यांना मारहाण झाली, अन्न मातीत मिसळले. बातमी खोटी होती. मार खरा होता.

त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' निघाले. महाडात काय घडले हे आमच्या तोंडून सांगणारे पत्र हवे होते. सवर्णांच्या वृत्तपत्रांतून सत्याग्रहींवर जी टीका होत होती, तिचा समाचार बाबासाहेब मुद्दा धरून घेत राहिले. अंकातले बहुतेक रकाने ते स्वतः लिहून काढत. वर्गणीदार थोडे, कर्ज वाढते. १९२९ च्या नोव्हेंबरात पत्र बंद पडले. पुढच्याच वर्षी 'जनता' सुरू झाले.

स्वतःच्या पत्राची गरज बाबासाहेबांना त्याआधीच पटलेली होती. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, तेव्हा पैसे देऊ केले असतानाही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. छत्रपती शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले म्हणून ते पत्र उभे राहिले. त्याही आधी गोपाळबाबा वलंगकर 'दीनबंधू'तून लिहीत होते आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढले होते. ज्याच्या हाती छापखाना त्याच्या हाती लोकमत, हे या माणसांनी ओळखले होते.

माझे वडील सांगत की, त्यांच्या गावी 'जनता'चा एकच अंक टपालाने येई. वाचता येणारा मुलगा एकच. संध्याकाळी तक्क्यात कंदील लागे, मुलगा वाचे आणि म्हातारी माणसे मध्येच त्याला थांबवत. 'हे पुन्हा वाच. हे कोणी म्हटलं? कुठल्या गावची गोष्ट?' या प्रश्नांतच आमचे राजकारण जन्मले असे मला वाटते. मत कोणाला द्यायचे, मोर्चाला कोणी जायचे, वर्गणी किती, हे सारे त्या वाचनानंतर तेथेच ठरे. लोकमत नुसत्या वाचनाने तयार होत नाही. वाचलेले चार माणसांत बसून पारखले म्हणजे ते तयार होते.

स्वातंत्र्य आले, मोठी पत्रे अधिक मोठी झाली. १९९६ साली बी. एन. उनियाल यांनी दिल्लीत दलित पत्रकाराचा शोध घेतला. एकही सापडला नाही, आणि तो अनुभव त्यांनी 'पायोनियर'मध्ये लिहिला. याचे फळ दहा वर्षांनी दिसले. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चार जणांना ठार करण्यात आले. कित्येक आठवडे राजधानीतील पत्रांना आणि वाहिन्यांना त्यात जात दिसली नाही. नोव्हेंबरात विदर्भातला माणूस रस्त्यावर उतरला, तेव्हा कॅमेरे आले.

मग प्रत्येकाच्या हाती मोबाईल आला. आता संपादकाच्या दारात उभे राहण्याची गरज उरली नाही, असे आम्हांला वाटले, आणि ते पुष्कळसे खरेही होते. २०१६ च्या जानेवारीत रोहित वेमुलाचे अखेरचे पत्र देशभर पोहोचले. त्याच वर्षी जुलैत उनाच्या मारहाणीचे चित्रण लाखोंनी पाहिले. २० मार्च २०१८ रोजी, म्हणजे महाडच्याच तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने अॅट्रॉसिटी कायद्याखालील अटकेवर बंधने घातली. तेव्हा कोणा मोठ्या पक्षाची हाक नसताना २ एप्रिलचा भारत बंद फोनाफोनी आणि संदेशांवर उभा राहिला. काही राज्यांत माणसांचे बळी गेले. ऑगस्टमध्ये संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला. ही या साधनाची ताकद.

आणि त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असा संदेश फोनाफोनांतून पसरला होता. मेलेले आपल्यासारखेच गावकुसाबाहेरचे. मारणाऱ्या जमावाने वीरेश्वराचे नाव ऐकलेही नसेल, पण रीत तीच.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. त्या जून महिन्यात तो संदेश माझ्याही फोनवर आला होता. मी शिक्षक. आयुष्यभर मुलांना महाडचा इतिहास शिकवला. तरीही 'काळजी घ्या' असे दोन शब्द जोडून मी तो आमच्या शिक्षकांच्या गटात पुढे पाठवला. 'हे कोणी म्हटलं? कुठल्या गावची गोष्ट?' हे मी विचारले नाही. माझ्या अडाणी आजोबांनी विचारले असते. माझा संदेश राईनपाड्याला पोहोचला नसेलही. पण त्या साखळीतली एक कडी मी होतो, हे मला नाकारता येत नाही.

त्याच जुलैत व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा घालणारा मालक, उठवणारा मालक. आम्ही त्या वाड्यात भाडेकरू. 'बहिष्कृत भारत' कर्जात होते, पण त्याखाली जबाबदार माणसाचे नाव होते. चूक झाली तर जाब विचारायला दार होते. आज अफवेला दार नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच : मोबाईल टाकू नका, त्यावाचून २ एप्रिल घडला नसता. पण वस्तीत आठवड्यातून एकदा एकत्र बसा, आलेली बातमी मोठ्याने वाचा आणि म्हाताऱ्यांना मध्ये थांबवू द्या. आणि आपल्या नियतकालिकांची वर्गणी भरा. तक्क्यातला तो कंदील रॉकेलवर जळत होता, आणि रॉकेलला पैसे वस्तीच देत होती.