सुटलेली गाडी आणि गळलेला 'ह'

दिवाळीच्या पहिल्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर पाऊल ठेवायला जागा नसते. नवे कपडे, अत्तराचा घमघमाट, गणपतीचे दर्शन आणि वर्षभरात न भेटलेली माणसे! त्या गर्दीत जरा कान देऊन उभे राहावे. "अरे, होतास कुठे? गावी गेल्तास?" "हो, नाशिकला गेल्तो, कालच आलो." "मावशीने चकली दिल्ती, खाल्लीस का?" बोलणारांत बँकेतले साहेब असतात, कॉलेजातल्या मुली असतात, पेन्शनर आजोबाही असतात. 'गेला होतास' असे सगळी अक्षरे मोजून कोणी बोलत नाही. आणि मौज अशी की, यांतला प्रत्येक जण शाळेत मात्र 'गेला होतास' असेच लिहून पास झालेला असतो!

या 'गेल्तो'पायी माझ्या हातून एका मुलावर अन्याय झाला. त्याचीच ही कहाणी.

मी कल्याणच्या बाजूला एका शाळेत मास्तर आहे. सातवीच्या वर्गाला मी एक इंग्रजी वाक्य भाषांतरासाठी दिले होते : 'मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती.' एका आगरी घरातल्या मुलाने लिहिले, 'मी टेसनात पोचलो तवा गाडी सुटल्ती.' मी तांबडी रेघ मारली आणि वर ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवले. वर्ग हसला. मुलगा खाली मान घालून बसला.

पुढच्याच आठवड्यात धड्यात 'ही'ड गॉन होम' असे वाक्य आले. मी ऐटीत सांगितले, "हा 'ड' म्हणजे 'हॅड' बरे का! साहेब बोलताना 'हॅड' पुरता उच्चारत नाही. तुम्हीही असेच बोलायला शिका." तोच मुलगा उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, त्यांनी हॅड खाल्लं तर बरोबर, आन् आमी होतं खाल्लं तर चूक?"

मी त्याला "खाली बस" म्हटले. दुसरे उत्तर मजजवळ नव्हते. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला, आणि काही केल्या जाईना.

मुळात हा काळ आहे कशासाठी? भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधीची कोणती, हे सांगण्यासाठी. आपण पोचलो हे झालेच. पण त्याच्याही आधी गाडी सुटली होती. ठाणेकरांना हा अनुभव १६ एप्रिल १८५३ पासून, म्हणजे बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली तेव्हापासून मिळू लागला असावा. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले आणि कल्याणकरांचीही सोय झाली!

इंग्रज माणूस रोजच्या बोलण्यात हा काळ कसा वापरतो पाहा. 'आय हॅड', 'ही हॅड', 'दे हॅड' यांचे तो 'आय'ड', 'ही'ड', 'दे'ड' करतो. पण हाच 'ड' 'वुड' या शब्दाचाही उरलेला तुकडा असतो. मग ओळखायचे कसे? पुढच्या क्रियापदावरून. 'ही'ड गॉन' म्हणजे 'तो गेला होता', आणि 'ही'ड गो' म्हणजे 'तो जाई' किंवा 'तो जाईल'. शिवाय हा 'ड' एकटा उभा राहू शकत नाही. 'गेला होतास का?' या प्रश्नाला 'येस, आय'ड' असे उत्तर कोणी देत नाही. तेथे 'येस, आय हॅड' असे पुरतेच म्हणावे लागते. आणि 'आधी', 'नंतर' अशा शब्दांनी क्रम स्पष्ट होत असेल, तर इंग्रज पुष्कळदा 'हॅड'ला रजा देऊन साध्या भूतकाळावरच भागवतो.

आता आपल्याकडे वळू. 'गेला होता'चे 'गेल्ता', 'गेली होती'चे 'गेल्ती', 'गेलो होतो'चे 'गेल्तो'. दोन्हीकडे चोरी सारखीच आहे. पहिल्याने गळतो तो 'ह'. 'हॅड'मधला 'ह' गेला, मग स्वर गेला, 'ड' उरला. 'होता'मधला 'ह' गेला, स्वर गेला, 'ता' उरला. उरलेला तुकडा दोन्ही भाषांत आधीच्या शब्दाच्या खांद्यावर मान टाकतो. फरक इतकाच की, इंग्रजीत आधी कर्ता असतो, म्हणून 'ड' कर्त्याला चिकटतो. मराठीत आधी क्रियापद असते, म्हणून 'ता' क्रियापदाला चिकटतो. आणि आपला तुकडा त्यांच्यापेक्षा धडधाकट आहे. 'गेल्तास का?' 'हो, गेल्तो!' येथे तो वाक्याच्या शेवटीही ठामपणे उभा राहतो. 'गेल्ता' आणि 'गेला असता' यांचा घोटाळाही कधी होत नाही.

तर मग त्यांचे शुद्ध आणि आपले अशुद्ध, हे कसे झाले? साहेबाच्या घरीही हे सुखासुखी झालेले नाही. 'गलिव्हर'चा कर्ता जोनाथन स्विफ्ट याने १७१० साली 'टॅटलर' पत्रात असल्या तोडलेल्या शब्दांची यथेच्छ टिंगल केली, आणि १७१२ मध्ये भाषा सुधारण्याची एक योजनाच मांडली. त्याचे कोणी ऐकले नाही. फ्रेंचांचे पाहून सोळाव्या शतकात इंग्रजीत आलेला तो डोक्यावरचा स्वल्पविराम गळलेल्या अक्षरांच्या जागी बसला, आणि बोलण्यातला 'ड' छापील पानावर आला.

आपल्याकडे १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण निघाले. १८५० मध्ये मेजर कँडी यांनी विरामचिन्हांवर पुस्तिका लिहिली. साहेबाचा स्वल्पविराम आला, पूर्णविराम आला, प्रश्नचिन्हही आले. पण अक्षर गळल्याची ती खूण काही मराठीत रुजली नाही. खरे तर तसली खूण आपल्या घरी होतीच! 'सोऽहम्' मधला अवग्रह लुप्त झालेला 'अ' दाखवण्यासाठीच असतो. मराठीने मात्र त्याला 'अरेऽऽ' अशी हाक लांबवण्याच्या कामाला लावले.

आणि मराठीने अक्षरे गिळून ती शुद्ध ठरवली नाहीत, असे थोडेच आहे? 'नाही' म्हणजे 'न' आणि 'आहे'. 'नव्हे' म्हणजे 'न' आणि 'होय'. हे जोडशब्द १२९० मधल्या ज्ञानेश्वरीत सुखाने नांदत आहेत. 'नव्हता' हा तर 'न' आणि 'होता' यांचाच मिलाफ. म्हणजे ज्या 'होता'ला 'गेल्ता'त प्रवेश नाही, तोच 'नव्हता'त मोडून पडला तरी तांबडी रेघ नाही! 'आलाय', 'गेलाय' ही रूपे आता वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मिरवतात. १९६२ च्या लेखननियमांनीही पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक दिली आहे. तात्पर्य, 'गेल्ता' चुकलेला नाही. तो अजून ओसरीवर उभा आहे, इतकेच.

यावरून उद्यापासून अर्जात 'गेल्तो' लिहा, असे मी सांगत नाही. इंग्रजही सरकारी पत्रात 'हॅड' पुरता लिहितो. बोलायचे वस्त्र वेगळे, लिहायचे वेगळे. पण घरातले वस्त्र म्हणजे फाटके वस्त्र नव्हे, हे मास्तराला कळायला हवे होते.

दिवाळीच्या सुटीआधीच्या शेवटच्या तासाला मी त्या मुलाला फळ्याजवळ बोलावले. एका बाजूला 'लिहिताना', दुसऱ्या बाजूला 'बोलताना' असे लिहिले आणि खडू त्याच्या हाती दिला. त्याने 'गाडी सुटली होती' आणि 'गाडी सुटल्ती' अशी दोन्ही वाक्ये लिहिली. मी दोन्हींपुढे बरोबरची खूण केली, आणि वर्गाला म्हटले, "त्या दिवशी मी चुकल्तो."

वर्ग पुन्हा हसला. या खेपेला तोही हसला.